आम्हांला काय झालें ?

आमच्या वयाच्या गृहस्थांचें एक आवडतें वाक्य आहे : “आम्ही कुठें डोक्याला कांहीं बांधून सायकल चालविली ? आम्हांला काय झालें ?” सून मुलाच्या हातीं शिरस्त्राण देत असते, नेमकें तेव्हांच ओट्यावरून हें वाक्य येतें, आणि नातू तें टोपरें कोनाड्यांत टाकून उघड्या डोक्यानें पसार होतो. आजोबांचा शब्द आणि नातवाची सोय ह्यांची अशी युति झाल्यावर बिचाऱ्या मातेचें कोण ऐकणार ! म्हणून ह्या वाक्याचाच आज थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

वाक्य अगदींच निराधार नाहीं. आम्ही सायकल शिकलों ती तासाच्या भाड्यानें आणलेली, मोठ्या माणसाच्या मापाची. सीटवर बसावें तर पाय पोंचत नसत. म्हणून उजवा पाय मधल्या दांडीखालून पलीकडे घालून ‘कैची’ मारावयाची. त्या आसनांत वेग तो कितीसा येणार ! गुडघा फुटला कीं हळद दाबावी आणि घरीं सांगूं नये. रस्त्यावर बैलगाड्या, टांगे आणि अधूनमधून एखादी एस्. टी.

आणि आमच्या वाडवडिलांच्या काळीं, म्हणजे 1948 पूर्वींच्या निजामी अमलांत, बोडक्या डोक्यानें उंबरठा ओलांडणें हेंच अशुभ मानीत. डोक्यावर कांहीं घालणें हीं नवीं थेरें होत, असें म्हणणाऱ्यांनीं भिंतीवरील पागोट्यांतले आजोबा एकदां पाहावे. पागोट्यानें आघात कितपत अडत असे, हा प्रश्न निराळा. आमचा वाद संवयीपुरताच आहे.

खरा फरक रस्त्याचा आहे. विष्णुपुरी हें गोदाकांठचें खेडें. 1981 सालीं येथलें अभियांत्रिकी महाविद्यालय निघालें, 1994 सालीं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालें. वैद्यकीय महाविद्यालयही आतां येथेंच आहे. नांदेड-लातूर रस्त्यावरून मालमोटारी आणि तरुणांच्या मोटारसायकली अहोरात्र धांवतात, आणि त्यांच्या कडेनें सहावींतला मुलगा गिअरच्या सायकलीवरून शिकवणीस जातो.

“आम्हांला काय झालें ?” असें विचारावयास तोच उरतो, ज्याला कांहीं झालें नाहीं. आमच्या वर्गांत एक मुलगा होता. रामशब्द सातही विभक्तींत एका श्वासांत म्हणे. नदीच्या उतारावर ब्रेक तुटून तो पडला व दगडावर डोकें आपटलें. रक्त फारसें आलेंच नाहीं. दोन महिन्यांनीं तो शाळेंत आला. सर्वांना ओळखी, हंसे; पण द्वितीयेपुढें त्याला कांहीं आठवत नसे, आणि पुनःपुन्हां तो प्रथमेपासून आरंभ करी. पुढें त्याच्या आईनें त्याला शाळेंतून काढलें. आमच्या ओट्यावरच्या बैठकींत तो कधीं नसतो.

डोक्याच्या ह्या जखमेचें गांभीर्य पाश्चात्त्यांसही उशिरांच उमगलें. 1935 च्या मे महिन्यांत इंग्लंडांत, सायकलींवरील दोन मुलांना चुकवितांना, अरबस्तानच्या बंडामुळें प्रसिद्ध झालेला कर्नल लॉरेन्स मोटारसायकलीवरून पडला आणि सहा दिवसांनीं वारला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नांवाचे मेंदूचे शस्त्रवैद्य होते. त्यांनीं पुढें मोटारसायकलस्वारांच्या अपघातांचा अभ्यास करून 1941 सालीं शिरस्त्राणाची उपयुक्तता वैद्यकीय नियतकालिकांत मांडली.

आपल्याकडे 2019 च्या दुरुस्तीप्रमाणें मोटारसायकलीवरील चार वर्षांवरच्या प्रत्येकास शिरस्त्राण सक्तीचें आहे. पगडीधारी शीख बांधवांस सूट आहे, हें नांदेडकरांस सांगावयास नको. पायांनीं चालविण्याच्या सायकलीविषयीं मात्र हा कायदा मौन धरतो. तेथें घरांतील वडीलच काय ते अंमलदार. आणि हे अंमलदार स्वतः स्कूटरवर शिरस्त्राण कोपराला अडकवून हिंडतात ! कोपराचें रक्षण उत्तम होतें.

आतां थोडें व्यवहाराचें. सायकलीचें शिरस्त्राण वेगळें व हलकें असतें. आंतला घट्ट फेस स्वतः चेपून आघात सोसतो. म्हणून एकदां जोराचा मार बसलेलें शिरस्त्राण दिसावयास धड असलें तरी टाकून द्यावें. थोरल्याचें धाकट्याला देण्याची आपल्या घरांतील चाल पुस्तकांपुरती ठेवावी. सैल शिरस्त्राण ऐन वेळीं मागें सरकतें. पुढची कड भुंवयांच्या वर दोन बोटें असावी आणि पट्टा हनुवटीखालीं आंवळलेला असावा. कपाटांत मात्र तें ठेवूं नये. आमच्या घरीं तें सायकलीच्या हँडललाच अडकवितात; तें काढल्यावांचून मूठ धरतां येत नाहीं.