बदलीने प्रश्न सुटतो का?

शाळेतल्या एखाद्या सरांबद्दल कुजबुज सुरू झाली, की आपल्याकडे पुढे काय होतं हे काही वेगळं सांगायला नको. चार आया मुख्याध्यापकांना भेटतात. ‘शाळेचं नाव खराब होईल, मुलींचीही बदनामी होईल,’ असं समजावून त्यांना घरी पाठवलं जातं. फारच बोभाटा झाला तर सरांची बदली होते, नाहीतर ते स्वतःच राजीनामा देतात. इकडच्या पालकांना हायसं वाटतं. पण मैत्रिणींनो, सर जिथे जातात त्या गावातही मुली असतातच ना!

हे फक्त आपल्याकडेच होतं असं मात्र नाही. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात सू सेंट मरी नावाचं लाखाच्या आतल्या वस्तीचं गाव आहे. तिथला एक शिक्षक वीस वर्षांहून अधिक काळ विद्यार्थिनींचं लैंगिक शोषण करत राहिला. मुली बोलल्या नव्हत्या असं नाही. बोलल्या, पण त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. तक्रार आली की त्याला एका शाळेतून दुसऱ्या शाळेत हलवायचं, एवढंच झालं. अखेर १९९६ मध्ये त्याने कोर्टात गुन्हे कबूल केले. मग सरकारने निवृत्त न्यायमूर्ती सिडनी रॉबिन्स यांना चौकशीला बसवलं. २००० मध्ये त्यांचा अहवाल आला. या एका माणसापेक्षा त्याला सांभाळून घेणारी व्यवस्था कशी चालली, हे त्यात तपशिलाने मांडलं आहे.

त्याच सुमारास, १९९७ मध्ये, तिथे ‘ऑन्टारिओ कॉलेज ऑफ टीचर्स’ सुरू झालं होतं. नावात कॉलेज असलं तरी तिथे वर्ग भरत नाहीत. आपल्याकडे वकिलाला बार कौन्सिलची सनद लागते, डॉक्टरची मेडिकल कौन्सिलमध्ये आणि दवाखान्यातल्या सिस्टरची नर्सिंग कौन्सिलमध्ये नोंद असते, तशीच ही शिक्षकांची परिषद. तिची सनद असल्याशिवाय प्रांताच्या सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळांत शिकवता येत नाही. खर्च शिक्षकांच्या वार्षिक वर्गणीतून चालतो. कुठल्याही आईने घरी बसून इंटरनेटवर शिक्षकाचं नाव टाकलं, की त्याचं शिक्षण काय, सनद चालू आहे की रद्द झाली, हे दिसतं.

रॉबिन्स अहवालानंतर २००२ मध्ये विद्यार्थी संरक्षणाचा कायदा आला. त्यातल्या दोन तरतुदी मला फार महत्त्वाच्या वाटतात. गैरवर्तनामुळे शिक्षकाला काढलं किंवा त्याच्या कामावर बंधन घातलं, तर शाळा चालवणाऱ्या मंडळाने तीस दिवसांत परिषदेला कळवायचं. काढणार हे कळताच त्याने आधीच राजीनामा दिला, तरीही कळवायचं! म्हणजे गुपचूप राजीनामा देऊन शेजारच्या तालुक्यात रुजू व्हायची वाटच बंद.

दुसरी तरतूद शिक्षकांमधल्या आपसातल्या संकोचाबद्दल आहे. तिथे जुना नियम असा होता, की सहकाऱ्याविरुद्ध तक्रार दिली तर तीन दिवसांत त्याची प्रत त्यालाही द्यायची. ऐकायला न्याय्य वाटतं. पण स्टाफरूममध्ये रोज शेजारी बसणाऱ्या माणसाच्या हातात असा कागद द्यायची हिंमत किती बाईंना होईल? लैंगिक शोषणाचा संशय असेल तर ही प्रत द्यायची गरज नाही, असं या कायद्याने ठरवलं.

म्हणून सगळं आलबेल झालं का? छे! परिषदेत बहुमत शिक्षकांचंच. दोषी ठरलेल्यांची नावं छापण्याऐवजी काही वेळा ती झाकलीच जायची. २०११ मध्ये तिथल्या वर्तमानपत्राने हे उघड केलं, तेव्हा परिषदेला माजी मुख्य न्यायमूर्ती पॅट्रिक लसाज यांच्याकडून स्वतःचीच तपासणी करून घ्यावी लागली. त्यांनी २०१२ मध्ये ४९ शिफारशी केल्या. त्यांना कायद्याचं रूप यायला २०१६ उजाडलं. शिस्तभंगाचे निकाल जाहीर करणं सक्तीचं झालं आणि ठरावीक गंभीर लैंगिक कृत्यांसाठी सनद रद्द करणं समितीच्या मर्जीवर राहिलं नाही. २०१९ मध्ये आणखी दुरुस्ती होऊन विद्यार्थ्याच्या कुठल्याही लैंगिक शोषणासाठी तीच शिक्षा ठरली. पीडित मुलांच्या समुपदेशनाचा खर्चही आता परिषद उचलते. पुढे तिच्या मंडळाची रचना बदलली, निम्मे शिक्षक आणि निम्मे बाहेरचे. आपल्या माणसाला आपणच शिक्षा करायची म्हटलं की हात आखडतो, हे कुठल्याही धंद्यात खरं आहे.

खोट्या तक्रारीचं काय, असं शिक्षक मैत्रिणी विचारतील. तिथे सुनावणी होते, आरोप झालेल्याला वकील देता येतो, पुरावा तपासला जातो. मला तर वाटतं, गावभर कुजबूज होऊन नाव जाण्यापेक्षा निरपराध शिक्षकालाही हेच बरं.

आपल्याकडे शिक्षकांची अशी परिषद नाही. एनसीटीई आहे, पण तिचं काम शिक्षकांचं प्रशिक्षण आणि पात्रता ठरवण्याचं. शिस्तीचं काम जिल्हा परिषद किंवा संस्थाचालकांकडे. खासगी संस्थेतून राजीनामा देऊन गेलेल्या माणसाची माहिती पुढच्या संस्थेला कळेलच, अशी व्यवस्था नाही. अर्थात परिषद असती तरी सगळं भागलं नसतं. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं, तेव्हा आरोपी शिक्षक नव्हे, सफाई कर्मचारी होता. सनद शिक्षकांनाच असते. शिपाई, व्हॅनवाले काका यांच्यासाठी पोलिस पडताळणीच हवी. बदलापूरला पालकांना तक्रारीसाठी पोलीस ठाण्यात तासन् तास बसावं लागलं आणि पुढे शाळेच्या जबाबदार मंडळींवरही माहिती न दिल्याचा गुन्हा नोंदला गेला.

तो नोंदला गेला, कारण पोक्सो हा २०१२ चा कायदा आपल्याकडेही आहे. असा प्रकार कळल्यावर पोलिसांना न कळवणं हाच गुन्हा आहे. हाताखालच्या माणसाचा गुन्हा संस्थाप्रमुखाने दडवला तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. म्हणून ‘आधी आमची चौकशी होऊ द्या’ असं मुख्याध्यापकांनी म्हटलं, तरी थांबायचं कारण नाही. शाळेत सखी सावित्री समिती असायला हवी. त्यात कोण आहे, हे पालकसभेत बेधडक विचारा. १०९८ हा मुलांच्या मदतीचा फोन नंबर आहे. आणि पोलीस ठाण्याची भीती वाटत असेल तर एवढं माहीत असू द्या: मुलीचा जबाब तिच्या घरी घेता येतो, तो शक्यतो महिला अधिकाऱ्यानेच घ्यायचा असतो आणि त्या वेळी अंगावर गणवेश असता कामा नये.