गुरांची साथ आणि आमची लपवाछपवी

इ. स. २०२२ च्या ऑगस्ट महिन्यात जळगाव जिल्ह्यातील रावेर तालुक्यात गुरांच्या अंगावर गाठी दिसू लागल्या, आणि थोड्याच आठवड्यांत बुलढाणा, अकोला व अमरावती या वऱ्हाडच्या जिल्ह्यांतील गोठ्यांत लंपीने ठाण मांडले. दिवस पोळ्याचे होते. ज्या बैलांच्या खांद्यांस हळद-तूप चोळावयाचे, त्यांच्याच अंगावरच्या गाठी मोजण्याची पाळी शेतकऱ्यांवर आली. कपाशीची डवरणी अर्धी राहिली. बाजार बंद झाले. आणि जो तो दैवास बोल लावू लागला. दैवाचा यात भाग किती आणि आपला किती, याचा विचार मात्र फारच थोड्यांनी केला. दुसऱ्याच वर्षी, २०२३ मध्ये, रोगाने राज्यात पुन्हा डोके वर काढले. तेव्हा हा विचार आता टाळणे शहाणपणाचे नव्हे.

हा रोग मूळचा आपला नव्हे. १९२९ साली आफ्रिकेतील उत्तर ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झांबिया देशात, तो प्रथम नोंदला गेला. हिंदुस्थानात तो २०१९ साली ओरिसात दिसला. शेळ्या-मेंढ्यांच्या देवीचा जो विषाणू, त्याचाच हा भाऊबंद होय. डास, चावऱ्या माशा व गोचीड तो पसरवितात. मनुष्यास तो होत नाही. परंतु माशी रोग नेते ती बहुधा शेजारच्या गोठ्यापर्यंत. शेजारच्या जिल्ह्यापर्यंत तो नेण्याचे काम बाजारास निघालेली गाडी करते. विषाणू अंगात शिरल्यापासून गाठी उठेपर्यंत एक ते चार आठवडे जाऊ शकतात. म्हणजे सौद्याच्या दिवशी धडधाकट दिसणारा बैलही रोग घेऊन जाऊ शकतो.

म्हणूनच साथीचा तपास हा फौजदारी तपासासारखाच आहे. पहिले जनावर कोणाचे, ते कोणत्या बाजारातून आणले, विकणारा कोण, त्याच दावणीची इतर जनावरे कोठे गेली, हे प्रश्न पहिल्या दिवशीच विचारले पाहिजेत. खपलीचा व रक्ताचा नमुना प्रयोगशाळेत जाऊन रोगाचे नाव ठरेल. त्याची वाट मात्र मालकाच्या तोंडून व बाजाराच्या पावतीवरूनच कळणार. ज्या बाजारात पावतीवाचून सौदे होतात, तेथे तपास करणारा आंधळाच होय.

या बाबतीत कायदा मुका नाही. गुरांच्या संसर्गजन्य रोगांस आळा घालणारा २००९ चा मध्यवर्ती कायदा मालकावर खबर देण्याचे व आजारी जनावर वेगळे बांधण्याचे बंधन घालतो. गावच्या अधिकाऱ्याने वा पंचायतीने ती खबर पशुवैद्यकास द्यावयाची असते. नियंत्रित क्षेत्र जाहीर करण्याचा व तेथील जनावरांची ने-आण रोखण्याचा अधिकार सरकारास त्याच कायद्याने दिला आहे, आणि २०२२ मध्ये आपल्या सरकारने तो वापरलाही. असे असता गाठ दिसताच ती झाकण्याकडे, किंवा जनावर पडत्या भावाने फुंकून टाकण्याकडे काहींचा कल का होतो? बाजार बंद झाला तर आम्ही खावे काय, असे व्यापारी विचारतात. प्रश्न खरा आहे. पण पहिल्या आठवड्यात एक गाव रोखले नाही म्हणून पुढे साऱ्या राज्याचे बाजार बंद करावे लागले, यात व्यापाऱ्यांचा लाभ कोणता झाला? बैल बसला की शेत बसते, आणि शेत बसले की अकोल्याच्या दुकानदाराची उधारीही बसते.

तथापि सारा दोष रयतेच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. २०२२ मध्ये सरकारने मेलेल्या गायीस ३०,०००, बैलास २५,००० व वासरास १६,००० रुपये साहाय्य ठरविले, आणि एक कोटीहून अधिक गुरांस मोफत लस टोचविली, हे स्तुत्यच होय. परंतु साहाय्य जनावर मेल्यावर. जे जगले पण पाय सुजून महिनाभर कामास आले नाही, त्याच्या मालकास काय? जो मालक प्रामाणिकपणे खबर देतो त्याचा व्यवहार थांबतो, आणि जो लपवितो त्याचा चालू राहतो. ज्या कायद्यात खरे बोलणाऱ्याचेच नुकसान, तो कागदावर कितीही कडक असला तरी पाळला जाणार नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. पहिली खबर देणाऱ्यास, त्याचे जनावर अलग असेतोपर्यंत, वैरणीचा व मजुरीचा खर्च सरकारने द्यावा. ज्या दवाखान्यात पशुवैद्यकाची जागा रिकामी आहे, तेथे मालकावर खटला भरणे म्हणजे आजार रेड्याला आणि औषध पखालीला!

हे होण्यासारखे नाही, असे म्हणणारांनी बुळकांडीचा इतिहास आठवावा. तिने गुरांचा असा संहार मांडिला होता की तत्कालीन सरकारास चौकशी मंडळ नेमावे लागले. त्याचा अहवाल १८७१ चा आहे. १८८९ साली गुरांच्या रोगांची प्रयोगशाळा निघाली ती आपल्या पुण्यात. पुढे ती मुक्तेश्वरास गेली. निर्मूलनाची देशव्यापी मोहीम मात्र स्वराज्य आल्यावर, १९५४ साली निघाली. १९९५ नंतर या देशात बुळकांडी दिसली नाही, आणि २०११ मध्ये सारे जग तिच्यापासून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. शेवटच्या टप्प्यात तर लस मुद्दाम थांबवून, संशयित जनावराची एकूण एक खबर तपासण्यात आली. लसीने रोग हटला. तो खरोखर गेला की नाही, हे खबरेनेच ठरले.

तेव्हा वऱ्हाडच्या बाजार समित्यांनी पावतीवाचून एकही जनावर आत घेऊ नये. व्यापाऱ्यांनी नवे जनावर चार आठवडे वेगळे बांधावे. आणि गावकऱ्यांनी पहिली गाठ दिसताच पंचायतीत वर्दी द्यावी. शेजाऱ्याचा गोठा वाचविण्यासाठी आपल्या गोठ्यातील रोग बोलून दाखविणे यात लाज कसली? लाज लपविण्यात आहे.