दुसऱ्या वर्षी कोण येतं?

भंडारा जिल्ह्यात बाईला धंदा सुरू करून देणारे पुष्कळ आहेत. मार्चअखेर जवळ आली की तर विचारूच नका. निधी खर्ची टाकायचा असतो, म्हणून पापड-लोणची, अगरबत्ती, शिवणकाम, अळिंबी, ब्यूटी पार्लर अशी शिबिरं एकामागून एक लागतात. सभागृहात बॅनर, पाहुण्यांना रोपटं, बायकांना जेवण आणि शेवटच्या दिवशी प्रमाणपत्र. फोटो निघतो, अहवाल जातो. आधार आणि रेशनकार्डाच्या पिशवीत ही प्रमाणपत्रं नीट जपून ठेवलेली मी पाहिली आहेत. काही घरांत एकाच बाईची चार-चार, वेगवेगळ्या धंद्यांची. धंदा त्यातला एकही नाही. कोपऱ्यात तेंदूपत्त्याचं सूप असतं आणि ती पूर्वीसारखीच बिड्या वळत असते.

माझी सगळी नोकरी बँकेच्या कर्जविभागात झाली. आता निवृत्तीनंतर मोहाडी आणि लाखनी तालुक्यांतल्या काही बचत गटांच्या हिशेबाच्या वह्या बघायला जाते. कुणी पाठवलेलं नाही, मानधन नाही, त्यामुळे बोलायला मोकळी आहे. आणि बोलायचं एवढंच आहे की, या जिल्ह्यातल्या बायकांना आणखी एका प्रशिक्षणाची गरज नाही. त्यांना दुसऱ्या वर्षी दारात येणारं माणूस हवं आहे. त्या माणसाच्या पगाराची तरतूद मात्र कुठल्याच योजनेत धडपणे दिसत नाही.

दुसऱ्या वर्षी काय होतं ते एका हिशेबावरून सांगते. आमच्याकडे लांब रोट्या प्रसिद्ध. सैलसर पीठ आपटून आपटून त्याला तार आणायची, हाताच्या कोपरापर्यंत ते ताणायचं आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मडक्यावर टाकायचं. हे येरागबाळ्याचं काम नाही. लग्नकार्यात, तेरवीला, मटणाच्या जेवणाला मागणी असते. मोहाडीकडच्या एका ताईने शेजारणीला सोबत घेऊन ऑर्डरी घ्यायला सुरुवात केली. पहिल्या वर्षी हौस होती, नातेवाईक होते, गावात कौतुक होतं. दुसऱ्या वर्षी वही माझ्यापुढे आली. दोनशे रोट्यांची ऑर्डर, आठ रुपये नग, म्हणजे १६०० रुपये. खर्च: १८ किलो पिठाचे ७२०, तेल-मीठ १००, लाकडं २५०, ऑटोचे १५०. एकूण १२२०. उरले ३८०. ताई खुशीत होती.

मी विचारलं, मजुरी कुठे लावली?

“मजुरी कायची जी? घरचंच त काम हाय.”

मी काही बोलायच्या आत पलीकडे तांदूळ निवडत बसलेली तिची सासू म्हणाली, “मंग रोवणीले गेली असती त कोनी फुकट बोलावलं असतं का तुले?”

म्हातारीने नेमकं बोट ठेवलं. रोवणीला त्या वर्षी त्यांच्या गावात बाईला अडीचशे रुपये रोज होता. दोघींचे पाचशे. म्हणजे पहाटेपासून चुलीच्या धगीत बसून दोघींनी मिळून एकशे वीस रुपयांचा तोटा कमावला होता. मग बारा रुपये भाव लावला, आणि तो सांगताना गिऱ्हाइकासमोर मान खाली घालायची नाही, याचा सराव केला. हो, सराव. मी गिऱ्हाईक झाले आणि घासाघीस केली. पहिल्यांदा ती लगेच दहावर आली. तिसऱ्यांदा बारावर टिकली. दोन ऑर्डरी हातच्या गेल्या, बाकीच्या राहिल्या. दोनशे रोट्यांमागे मजुरी वजा जाता सहाशे ऐंशी उरायला लागले.

यात मी तिला शिकवलं काय? रोट्या तिला माझ्याहून शंभरपट चांगल्या येतात. किंमत काढणं हे शिबिरातही सांगतात, फळ्यावर स्थिर खर्च आणि चल खर्च असे दोन रकाने पाडून. पण तेव्हा तिच्याकडे स्वतःचे आकडे नव्हते. आकडे आले वर्षभराने आणि तेव्हा फळा उचलून मंडळी कधीच निघून गेली होती.

हे सरकारला कळत नाही असं नाही. स्वयंरोजगाराचं प्रशिक्षण देणाऱ्या ‘आरसेटी’ संस्था देशभर आहेत, बहुतेक जिल्ह्यांत तिथली अग्रणी बँक त्या चालवते. आपल्याकडे ती बँक ऑफ इंडिया. त्यांच्या नियमातच प्रशिक्षणानंतर दोन वर्षं पाठपुरावा लिहिलेला आहे. या संस्थांचं मूळ १९८२ साली कर्नाटकातल्या उजिरे गावात धर्मस्थळ आणि दोन बँकांनी मिळून सुरू केलेल्या संस्थेत आहे. शिकवून सोडून दिलं तर पोरं पुन्हा घरी बसतात, म्हणून मागे लागायचं, हे तिथेच ठरलं होतं. नियम चांगला आहे. पण मोजमाप होतं ते किती जणांना शिकवलं आणि किती जणांनी धंदा सुरू केला याचं. सुरू केलेला धंदा तिसऱ्या दिवाळीला चालू आहे का, हा आकडा कुणी वर्तमानपत्रात छापलेला मला तरी आठवत नाही. फोनवरून ‘ताई, चालू आहे ना?’, ‘हो जी’ एवढ्यावरही पाठपुराव्याचा रकाना भरता येतो.

मग गावात राहतं कोण? ‘उमेद’ची, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाची, सीआरपी (समुदाय संसाधन व्यक्ती) ताई राहते. गटांच्या बैठका, दशसूत्री, बँकेची कागदपत्रं, ऑनलाइन नोंदी, ग्रामसभा, शिवाय वरून जो कार्यक्रम येईल त्याला बायका गोळा करणं, हे सगळं तिच्याकडे. २०२३ मध्ये तिचं मानधन महिना ३ हजारांवरून ६ हजार करायचा निर्णय झाला, तोही बराच काळ मागणी लावून धरल्यावर. त्या सहा हजारांत तिने धंद्याचा सल्लाही द्यावा अशी अपेक्षा आपण करतो. काही जणी देतातही, आणि उत्तम देतात. पण हे त्यांच्या चांगुलपणावर चाललं आहे.

‘माविम’ची लोकसंचालित साधन केंद्रं ही मला यातली सगळ्यात शहाणी रचना वाटते. महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ सालचं, आंतरराष्ट्रीय महिला वर्षात स्थापन झालेलं. पुढे ‘तेजस्विनी’ कार्यक्रमात गटांच्या वर ही केंद्रं उभी राहिली. कार्यकारिणी गावातल्याच बायकांची. गटांना दिलेल्या सेवेचं शुल्क घेऊन केंद्राने स्वतःच्या पायावर उभं राहायचं. कागदावर हे फार सुंदर आहे, आणि काही ठिकाणी प्रत्यक्षातही. माझी खोच एकच आहे. बाईला कर्ज मिळवून दिलं की शुल्क मिळतं. ‘हे कर्ज सध्या घेऊ नकोस’ असं सांगितलं की काहीच मिळत नाही. आणि धंद्यातल्या सल्लागाराने पहिल्या दोन वर्षांत सगळ्यात जास्त वेळा सांगायची गोष्ट ‘नको’ हीच असते.

अनुदानाचंच बघा. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या केंद्राच्या योजनेत भांडवली खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत अनुदान आहे. योजना वाईट नाही. पण ३५ टक्के सूट दिसली की आधी मशीन येतं आणि मग त्या मशीनला काम शोधायला लागतं. एका गटाकडचं दळणाचं मोठं यंत्र मी वर्षभर ताडपत्रीखाली पाहिलं. थ्री-फेज वीजजोडणीचा अर्ज कुणी वेळेत केलाच नव्हता. हप्ता मात्र वेळेत सुरू झाला. यंत्र विकणारा, कर्ज देणारा आणि अनुदानाचं उद्दिष्ट पूर्ण करणारा हे तिघेही यंत्र आलं त्या दिवशी टाळ्या वाजवून घरी गेले. ‘आधी वीज, मग मशीन’ म्हणणारा चौथा माणूस तिथे नव्हता.

साताऱ्यातलं म्हसवड भंडाऱ्याहून शेकडो कोस लांब, पण माणदेशीचं उदाहरण द्यायलाच हवं. चेतना सिन्हा आणि तिथल्या बायकांनी १९९७ मध्ये माणदेशी ही बायकांची सहकारी बँक काढली. त्याआधीचा अर्ज, प्रवर्तक बायकांना लिहिता-वाचता येत नाही म्हणून, रिझर्व्ह बँकेने नाकारला होता. बायका काही महिने अक्षरं गिरवून पुन्हा गेल्या आणि म्हणाल्या, आम्हाला व्याजाचा हिशेब घाला, तुमच्या अधिकाऱ्यांनाही घाला, बघू कोण आधी करतं. ही गोष्ट सगळे सांगतात. कमी सांगितली जाते ती पुढची. बँक असूनही त्यांना कळलं की नुसता पैसा पुरत नाही. म्हणून त्यांनी बायकांसाठी उद्योगाची शाळा काढली, आणि ‘देशी एमबीए’ या अभ्यासक्रमात धंदा आधीच सुरू असलेल्या बाईला महिनोन्‌महिने मार्गदर्शक जोडून दिला. नव्याने सुरू करणारीला नव्हे, आधीपासून करत असलेलीला. आपल्या सगळ्या योजना उलट्या बाजूने उभ्या आहेत. बंद पडायला आलेला धंदा वाचवणं नवा काढण्याहून स्वस्त पडतं, हे आम्ही बँकवाले कर्जवसुलीच्या निमित्ताने का होईना, शिकतो.

आणि आता आपला कोसा, म्हणजे टसर रेशीम. भंडाऱ्याची खरी कमाई इथे अडकली आहे, म्हणून थोडं सविस्तर. ऐनाच्या झाडांवर कोसा पाळणारे ढीवर, तो उकळून सूत काढणाऱ्या बायका आणि आंधळगाव, मोहाडी, पवनीकडचे कोष्टी विणकर अशी ही साखळी. करवतीच्या दात्यांसारखे काठ असलेली आपली साडी, तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. नागपूर-मुंबईच्या दुकानात तिचा भाव ऐकून आपलीच छाती फुगते. पण या साखळीत ज्या कामाला सर्वांत जास्त तास लागतात, त्या सूतकताईचा मोबदला सर्वांत कमी. उघड्या मांडीवर घासून सूत काढायची जुनी रीत. कातडी सोलवटते, दिवसभरात सूत निघतं थोडं. यंत्रं आली आहेत, वाटलीही गेली आहेत. झारखंड-बिहारकडे ‘प्रदान’ या संस्थेने हेच काम हातात घेतलं तेव्हा त्यांनी सूत काढणाऱ्या बायकांना यंत्रावर बसवलं, कोष विकत घ्यायला भांडवल उभं केलं, सुताची प्रत ठरवली, गटांची मिळून ‘मसुता’ नावाची उत्पादक कंपनी उभी केली आणि या सगळ्याला वर्षानुवर्षं दिली. शिकलेली पोरं तिथे गावांत राहिली. यंत्र हा त्यातला सोपा भाग होता. कोष कोणत्या महिन्यात कोणत्या भावाने भरून ठेवायचे आणि व्यापाऱ्याने उधारी मागितली तर किती दिवसांची द्यायची, हे अवघड होतं. आपल्याकडे सूत काढणाऱ्या बाईला हे विचारायला कोण आहे? तिला कोष देणारा व्यापारीच. तो दुष्ट नसेल, पण तो तिचा सल्लागार कसा होणार?

पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न मला प्रत्येक बैठकीत विचारतात, जणू भंडारा म्हणजे ओसाड माळ. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करणं बंधनकारक केलं, आणि आपल्या परिसराला प्राधान्य द्या असंही त्यात आहे. वरठीला पोलादाचा कारखाना आहे, गडेगावला वाहनांचा, चिखला आणि डोंगरी बुजुर्गला मँगनीजच्या खाणी आहेत. नियमांप्रमाणे या निधीतला प्रकल्प सुरुवातीचं वर्ष सोडून आणखी तीन वर्षं चालवता येतो. मग एकाच वर्षात पाचशे बायकांना शिलाई मशीन वाटण्याऐवजी चाळीस बायकांसोबत चार वर्षं राहायला काय हरकत आहे? फोटोत चाळीस बायका कमी दिसतात, हीच. जिल्हा वार्षिक योजनेतल्या महिला व बालविकासाच्या तीन टक्क्यांनाही हेच लागू आहे.

स्वयंसेवी संस्थांनाही एक बोलायचं आहे, आणि त्यातल्या पुष्कळ माझ्या ओळखीच्या आहेत, तेव्हा राग आला तर चहाला या. तुमचे मार्गदर्शक समाजकार्याची पदवी घेतलेले, सज्जन, कळकळीचे तरुण असतात. त्यांनी आयुष्यात कधी उधारी वसूल केलेली नसते. तुमसरच्या बाजारात वीस वर्षं चिवडा विकणारी बाई, मंडईच्या जत्रांच्या हंगामात गावोगाव दुकान लावणारी बाई, गिरणीवर कोंडा-चुरीचा हिशेब ठेवणारी बाई, यांना मार्गदर्शक म्हणून नेमा. दिवसाला रीतसर मानधन द्या, ‘साधनव्यक्ती’ला देता तेवढंच, आणि एकेकीकडे आठ-दहाच जणी सोपवा. तिला पीपीटी येणार नाही. पण मंडईत पहिल्या दिवशी भाव उतरवायचा नाही, माल संध्याकाळच्या दंडारीच्या खेळापर्यंत पुरवायचा, हे तिला ठाऊक आहे. रोवणीच्या आणि कापणीच्या दिवसांत बैठक ठेवू नये, हेही तिला सांगावं लागणार नाही.

शेवटी मागणीचं. कारखान्यांना, वसतिगृहांना, सरकारी उपाहारगृहांना रोज नाश्ता लागतो, लोणचं-पापड लागतं, चिन्नोरचा तांदूळ लागायला हरकत नाही. त्यांच्या खरेदीतला अगदी थोडा वाटा तालुक्यातल्या गटांसाठी ठेवला आणि पैसे तीस दिवसांत चुकते केले, तर माझ्यासारखीला वह्या बघायला जायचं कारण निम्मं उरेल. पण त्यासाठी कुणीतरी खरेदी अधिकाऱ्याला भेटायला हवं, अन्नपरवान्याची नोंदणी आणि बिलबुक तयार ठेवायला हवं, पहिल्या महिन्यात माल परत आला तर बाईला रडू न देता दुसऱ्या दिवशी पुन्हा पाठवायला लावायला हवं. लांब रोट्यांवाल्या ताईला एका उपाहारगृहाने रोजच्या पोळ्यांबद्दल विचारलं आहे. पैसे नव्वद दिवसांनी देऊ म्हणतात. पिठाचा दुकानदार पंधरा दिवसांच्या वर थांबत नाही. मधल्या पंच्याहत्तर दिवसांचं काय करायचं, यावर या सोमवारी आम्ही बसणार आहोत.