चालकाचा अपघात विमा परवान्याशी जोडा




ज्याच्या नावावर एकही गाडी नाही, पण जो रोज दुसऱ्याची गाडी चालवतो, अशा माणसाचे आपल्या मोटार विम्यात स्थान काय? मी पगारी चालक आहे, म्हणून विचारतो. लग्नसराईत, गणपतीत कोकणात जाताना, आजारी माणसाला रात्री शहरात आणताना लोक आमच्या हाती सगळे कुटुंब सोपवतात. त्या गाडीत सर्वांत कमी विमा कुणाचा असेल, तर तो गाडी चालवणाऱ्याचा.

आपल्याकडे विमा गाडीचा असतो. मालकाच्या संमतीने आणि वैध परवान्यावर कुणीही गाडी चालवली, तरी रस्त्यावरच्या माणसाला झालेल्या इजेची भरपाई गाडीची पॉलिसी देते. इथवर तक्रार नाही. पण खुद्द चालकाला काही झाले तर? तो 'थर्ड पार्टी'त मोडत नाही. सप्टेंबर २०१८ पासून पंधरा लाखांचा सक्तीचा वैयक्तिक अपघात विमा आहे, पण तो 'ओनर-ड्रायव्हर'चा. म्हणजे आरसी आणि पॉलिसी दोन्ही ज्याच्या नावावर आहेत आणि ज्याच्याकडे परवाना आहे, त्याचा.

पगारी चालकासाठी पॉलिसीत एक वेगळी ओळ असते: 'लीगल लायबिलिटी टू पेड ड्रायव्हर', हप्ता वर्षाला ५० रुपये. पण तिचा आधार कामगार नुकसानभरपाईचा कायदा आहे, त्यामुळे आधी चालक मालकाच्या नोकरीत होता हे सिद्ध व्हावे लागते. महिन्याच्या पगारावर असलेल्याला ते जमेल. एका दिवसापुरत्या बोलावलेल्या बदली ड्रायव्हरच्या बायकोने कोणता कागद दाखवायचा? मामाची गाडी चालवणारा भाचा तर नोकरच नव्हे, त्याला ही ओळ मुळीच लागू नाही.

या पेचाचे उदाहरण सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांत आहे. कर्नाटकातला एक माणूस ओळखीच्याची मोटारसायकल घेऊन इलकलहून गुडूरला निघाला होता. पुढची बैलगाडी अचानक थांबली, धडक बसली आणि तो गेला. न्यायालयाने २००९ साली म्हटले, की मागून आणलेली गाडी चालवणारा मालकाच्या जागी उभा असतो, म्हणून मोटार वाहन कायद्याच्या त्या वेळच्या १६३-अ कलमाखाली त्याच्या वारसांना त्याच गाडीच्या विमा कंपनीकडे दावा करता येणार नाही. पुढे २०२० मध्ये राजस्थानातल्या एका प्रकरणात न्यायालयाने हेच सूत्र कायम ठेवले, पण एक पाऊल पुढे टाकले: मृत चालक मालकाच्या जागी असेल, तर मालकाला मिळणारी वैयक्तिक अपघाताची रक्कमही त्याला मिळाली पाहिजे. त्या पॉलिसीत ती एक लाख होती आणि तेवढी देण्याचा आदेश झाला.

मला हा विचार न्याय्य वाटतो आणि माझी पहिली मागणी त्यावरच उभी आहे. दावा नाकारताना चालक मालकाच्या जागी असतो, तर रक्कम देतानाही तो त्याच जागी असला पाहिजे. हे पॉलिसीच्या अटींतच स्पष्ट लिहावे. एकेका विधवेला त्यासाठी दिल्लीपर्यंत जावे लागू नये.

दुसरी मागणी त्याहून महत्त्वाची. २०१९ पासून हा सक्तीचा अपघात विमा गाडीच्या पॉलिसीपासून सुटा घेता येतो. ज्याच्या नावावर तीन गाड्या आहेत, त्याला तो एकदाच घ्यावा लागतो. याचा अर्थ हा विमा माणसाच्या मागे चालतो, गाडीच्या नव्हे, हे विमा नियामकाने तत्त्वतः मान्यच केले आहे. मग तीन गाड्यांच्या मालकाला जे मिळते, ते एकही गाडी नसलेल्या परवानाधारकाला का मिळू नये? परवाना क्रमांकावर पंधरा लाखांची तीच पॉलिसी, मालकाला लागतो त्याच दराने, परवाना काढताना किंवा त्याचे नूतनीकरण करताना मागता यावी. अमेरिकेत गाडी नसलेल्यांसाठी 'नॉन-ओनर' पॉलिसी मिळते. तिचा भर मात्र दुसऱ्याच्या नुकसानीवर असतो. आपल्याकडची उणीव चालकाच्या स्वतःच्या जिवाची आहे, म्हणून तिची नक्कल पुरणार नाही.

कुणी म्हणेल, बाजारात अपघात विमा मिळतोच की. मिळतो, आणि पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेत तर वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचे संरक्षण आहे. प्रत्येक चालकाने ते आजच घ्यावे. पण मालकाच्या जिवासाठी पंधरा लाख ही किमान रक्कम ठरवून सक्ती करायची आणि त्याच सीटवर बसणाऱ्या चालकाला दोन लाखांकडे बोट दाखवायचे, हे मला पटत नाही. राज्यात रिक्षा आणि मीटर टॅक्सीचालकांसाठी कल्याणकारी मंडळ झाले, ते चांगलेच झाले. खासगी गाड्यांवरचे आम्ही त्यातही नाही.

जबाबदारी टाकताना मात्र कायदा चालकाला विसरत नाही. मालकाने पॉलिसीचे नूतनीकरण केले नसेल, तरी कलम १९६ खाली गाडी चालवणारा दोषी ठरतो: पहिल्या वेळी दोन हजार रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. भरपाईच्या दाव्यात मालकासोबत चालकही प्रतिवादी असतो. म्हणून माझ्या व्यवसायबंधूंना विनंती, की चावी हातात घेण्याआधी एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून विमा चालू आहे की संपला, ते पाहा. मालक रागावला तर रागावू द्या.

आणि गाडीमालक वाचकांना एवढेच सांगणे, की नियम बदलेपर्यंत वाट पाहू नका. पॉलिसी काढून हप्त्यांच्या तक्त्यात 'पेड ड्रायव्हर'ची ओळ आहे का, ते बघा. ऑनलाइन नूतनीकरण करताना तिच्यापुढची चौकट अनेकदा रिकामी राहते. चालकासाठी वेगळे वैयक्तिक अपघात संरक्षणही थोडा जादा हप्ता भरून जोडता येते, तेही एजंटाकडे मागा. आणि बदली ड्रायव्हर बोलावलात, तर तारीख, मोबदला आणि प्रवासाचे ठिकाण लिहिलेला एक मेसेज त्याला पाठवून ठेवा. उद्या त्याच्या घरच्यांना पुरावा म्हणून तेवढाच हाती असेल.

आपला,
एक पगारी चालक, पुणे