गाडीकडून घ्या, माणसाला सोडा

युरोप फिरून आलेल्या आपल्या लोकांच्या दोन तक्रारी ठरलेल्या असतात. एक, "पार्किंगला काय लुटतात!" आणि दुसरी, "साधं शू करायलाही पैसे?" दोन्ही एकाच दमात. माझं म्हणणं एवढंच की पहिली तक्रार साफ चुकीची आहे आणि दुसरी शंभर टक्के बरोबर.

आधी गाडीचं बघू. ॲमस्टरडॅमने २०१९ मध्ये शहराच्या मध्यभागी रस्त्यावर गाडी लावायचा दर तासाला ७.५० युरो केला. पॅरिसने तर १ ऑक्टोबर २०२४ पासून बाहेरून येणाऱ्या वजनदार एसयूव्हींना मध्यवर्ती भागात तासाला १८ युरो लावले. ऐकून डोळे पांढरे होतात, मान्य. पण कालव्याकाठचा तो जुना रस्ता केवढा! तिथे दिवसभर जागा अडवून बसायचं तर भाडं नको? शिवाय ॲमस्टरडॅमच्या कडेला गाडीतळ आहेत. तिथे गाडी लावा, मेट्रोने किंवा ट्रामने आत जा, पार्किंग बरंच स्वस्त पडतं. म्हणजे गाडीला पर्याय आहे.

मूत्राशयाला नाही हो! ते काही शहराबाहेर ठेवून ट्रामने येता येत नाही.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे "स्वच्छता काय फुकट होते का?" नाही होत. पण रस्त्यावरचे दिवे तरी कुठे फुकट लागतात? दिव्याखालून जाताना कोणी नाणं मागत नाही. पॅरिसच्या रस्त्यांवरची स्वयंचलित शौचालयं २००६ पासून मोफत आहेत, आणि प्रत्येक वापरानंतर आपली आपण धुतली जातात. ब्रिटनमध्ये नेटवर्क रेल चालवते त्या मोठ्या स्थानकांवरही २०१९ पासून पैसे घेणं बंद झालं. तेव्हा जमत नाही असं नाही, ठरवावं लागतं. दुसरं उत्तर "कॅफेत जा, कॉफी घ्या." वा! म्हणजे तासाभराने पुन्हा शोधाशोध.

आणि यात सगळ्यात जास्त कोण भरडतं? बायका. २०१५ मध्ये ॲमस्टरडॅममध्ये एका तरुणीला रात्री उघड्यावर लघवी केली म्हणून दंड झाला. ती कोर्टात गेली. २०१७ मध्ये न्यायाधीशांनी दंड कायम ठेवला आणि वर सांगितलं, पुरुषांच्या मुतारीत जायचं होतं! पुरुषांसाठी शहरभर उघड्या मुताऱ्या, बायकांसाठी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी सोय. बायकांनी मग पुरुषांच्या मुताऱ्यांत जाऊन निदर्शनं केली, तेव्हा कुठे जगभर चर्चा झाली.

हे वाचून "बघा, तिकडेही असंच" म्हणून खूश होऊ नका. मुंबईत २०११ पासून 'राईट टू पी' मोहीम चालवणाऱ्या बायकांचा मुद्दा हाच होता, की पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांना मात्र पैसे. आपल्याकडे तर गाडीही बहुतेक गल्ल्यांत फुकटच उभी असते. म्हणजे आपण दोन्हीकडे उलटं केलंय!

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी पार्किंगच्या पावतीवर चिडण्याआधी एवढंच विचारा, की या पैशातून एखादं स्वच्छ, मोफत शौचालय उभं राहिलंय का? राहिलं असेल तर गुपचूप पैसे भरा. नसेल तर खुशाल भांडा, मीही येतो बरोबर.