डायरी कोणती घ्यावी?

वर्ष संपत आले की दरवर्षी माझ्यापुढे एक प्रश्न उभा राहतो. नव्या वर्षाची डायरी कोणती घ्यावी? खरे म्हणजे आमच्या घरी डायरी विकत घेण्याची पद्धतच नाही. विमा एजंटाने नाहीतर एखाद्या दुकानदाराने वडिलांना दिलेली डायरी माझ्याकडे येते. वर सोनेरी अक्षरांत पेढीचे नाव, आत सुट्ट्यांची यादी आणि प्रत्येक तारखेला एक पान. अशा चार डायऱ्या मी आजवर मोठ्या उत्साहाने सुरू केल्या. एकही फेब्रुवारीच्या पुढे गेली नाही.

हा माझा आळस, असेच मी समजत होतो. पण गेल्या दिवाळीत इंदूरला मामांकडे गेलो, तेव्हा थोडा दोष पानांचाही आहे असे ध्यानात आले. राजवाड्याजवळच्या खजुरी बाजारात वह्या-पुस्तकांची दुकाने आहेत. तिथे लाल कापडी बांधणीची चोपडी हातात घेतली. तिच्या पानांवर ओळी नसतात, तारखा नसतात. कागदाला घड्या घालून सळ पाडलेले असतात. त्यांच्या आधाराने एकीकडे जमा, दुसरीकडे नावे. तारीख आपण घालायची. व्यवहार झाला नाही त्या दिवसाला जागा लागत नाही, आणि मोठा व्यवहार झाला तर चार पानेही खर्च करता येतात. छापील डायरीत मात्र कोरे राहिलेले पान रोज आपल्याला दटावते, आणि एखाद्या दिवशी मन भरून येते तेव्हा नेमके तेच पान अपुरे पडते.

म्हणून माझे पहिले मत असे : डायरी घ्यायची तर बिनतारखेची घ्यावी. उघडली की सपाट राहणारी, शाई मागे न उमटणारी, आणि इतकी साधी की पहिले अक्षर लिहिताना हात बिचकू नये. मी तीच लाल चोपडी घेतली.

आता त्यात लिहायचे काय? याचे उत्तर मला मामांच्या घरीच मिळाले, पण जरा लाजिरवाण्या रीतीने.

माझा मामेभाऊ अकरावी कॉमर्सला आहे. मामांनी त्याला खर्चाचा हिशेब लिहायला एक छापील डायरी दिली होती. एका रात्री त्याने ती मला गुपचूप दाखवली. हिशेब जूनपर्यंत होता. पुढे सगळी चित्रे. राजवाड्याचे सात मजले, पोह्यांच्या गाडीभोवतीची सकाळची गर्दी, आणि आजीचे हात. नुसते हात, लसूण सोलताना. ते पान मी किती वेळ पाहत होतो कोण जाणे. दुसऱ्या दिवशी डायरी मामांच्या हाती लागली. “चांगली डायरी खराब केलीस,” ते म्हणाले आणि माझ्याकडे वळले, “तूच सांग रे याला, कॉमर्सवाल्याला चित्रांचा काय उपयोग?”

मी म्हणालो, “आधी अभ्यास, मग बाकीचे.” भाऊ काही बोलला नाही. डायरी कपाटात गेली.

त्याच संध्याकाळी मामा मला गाव दाखवायला घेऊन निघाले. “हे बेंद्र्यांचे, हुसेनचे इंदूर!” ते अभिमानाने सांगत होते. (कन्नड विभागातल्या मित्रांनी हे धारवाडचे कवी द. रा. बेंद्रे समजू नयेत. हे चित्रकार ना. श्री. बेंद्रे, १९१० साली इंदुरातच जन्मलेले.) मकबूल फिदा हुसेन पंढरपूरचे, जन्म १९१५ चा, त्यांचे वडील इंदूरला गिरणीत नोकरीला होते. मुलाने चित्रकार व्हावे हे तेव्हाच्या कोणत्या बापाला पटणार? हुसेन यांनी स्वतः सांगितलेली हकीकत अशी की, इंदूरच्या परिसरात चित्रे काढताना त्यांची बेंद्र्यांशी ओळख झाली आणि त्यांनी बेंद्र्यांना घरी नेले. बेंद्रे वडिलांशी मुलाच्या कामाबद्दल बोलले. त्यानंतर त्याच वडिलांनी मुलासाठी मुंबईहून तैलरंग मागवले. बेंद्रे तेव्हा कोणी पद्मभूषण नव्हते. स्वतःच विशीतले, धडपडणारे तरुण होते. पण जे बोलायचे ते, ज्याला सांगायचे त्याला, वेळेवर बोलले.

आणि मला तशीच संधी सकाळी आली होती. ती मी दवडली.

कौतुक म्हणजे टाळ्या नव्हेत. आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीचे शिवपुत्र कोमकळीमठ, म्हणजेच कुमार गंधर्व, दहा-अकरा वर्षांचे असतानाच मैफली गाजवत होते. टाळ्यांना तोटा नव्हता. पण प्रा. बी. आर. देवधरांनी त्यांना मुंबईला आपल्याकडे ठेवून शिकवले, हे खरे कौतुक. पुढे १९४८ पासून कुमारजी इंदूरजवळच देवासला राहिले. टाळी वाजवणाऱ्याची जबाबदारी टाळीबरोबर संपते. कौतुक करणाऱ्याची तिथून सुरू होते.

आपल्या कॉलेजकडे पाहावे. आपण गॅदरिंगला शिट्ट्या मारतो, बक्षीस मिळाले की अभिनंदन करतो. पण याच अंकाची मराठी पाने वाचणारे किती जण कन्नड पाने उलटतात? कन्नड पाने वाचणारे किती जण मराठीकडे वळतात? मला दोन्ही लिप्या वाचता येतात, तरी गेल्या अंकात आवडलेल्या एका कन्नड कवितेच्या कवीला मी वर्षभरात एकदाही भेटून तसे सांगितले नाही. प्राध्यापकांनाही नम्र विनंती आहे : वर्गात मागच्या बाकावर वहीच्या शेवटच्या पानावर काही चाललेले दिसले, तर वही ओढून घेण्यापूर्वी एकदा ते पान पाहावे.

कोणी म्हणेल, अशा कौतुकाने मुले बिघडतात, परीक्षेत मागे पडतात. मोघम कौतुकाने बिघडतही असतील. “वा, छान” म्हणणे सोपे आहे. पण लसूण सोलणाऱ्या हातांत अंगठा अचूक उतरला आहे आणि मागची भिंत उगाच काळी केली आहे, असे सांगितले तर मुलगा बिघडत नाही. पुढचे चित्र नीट काढतो. मात्र तसे सांगायला आधी नीट पाहावे लागते, आणि पाहिलेले विसरू नये म्हणून लिहून ठेवावे लागते. माझ्या मते डायरीचा खरा उपयोग हाच. आपली दुःखे तर न लिहिताही लक्षात राहतात.

माझ्या लाल चोपडीत पहिली नोंद ‘नावे’ बाजूला आहे : “मामेभावाचे एक वाक्य देणे.” घरी परतल्यावर मी मामांना दोन पानी पत्र लिहिले, कोणते चित्र का आवडले ते सविस्तर कळवले, आणि त्या सकाळी मी खोटे बोललो हेही. मामांचे उत्तर अजून नाही. भावाचा मात्र निरोप आला आहे की डायरी कपाटातून पुन्हा त्याच्या टेबलावर आली. कोणी ठेवली ते त्याने विचारले नाही.

देणे अजून पुरते फिटलेले नाही. कन्नड विभागातल्या त्या कवीचे नाव मी दुसऱ्या ओळीवर लिहून ठेवले आहे.