नकाशावरची रेष आणि आपलं घर

‘घर पाहावं बांधून’ असं आपल्याकडे म्हणतात. आता बांधण्याआधी किंवा विकत घेण्याआधी ते पूररेषेच्या नकाशावरही पाहायला हवं. नदीचं पुन्हा सर्वेक्षण झालं की नकाशावरच्या पूररेषा बदलू शकतात. कालपर्यंत रेषेबाहेर असलेलं तुमचं घर नव्या नकाशात रेषेच्या आत दिसू शकतं. घर जागचं हललेलं नसतं, पण त्याची विक्री, वाढीव बांधकाम आणि पुनर्विकास यांचं गणित बदलतं.

महाराष्ट्रात या रेषा जलसंपदा विभाग आखतो. साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचं पाणी जिथवर पोहोचतं, ती निळी रेषा. १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल रेषा. नदीपासून निळ्या रेषेपर्यंतचा पट्टा निषिद्ध आणि निळ्या-लाल रेषांमधला नियंत्रित.

‘२५ वर्षांतून एकदा’ या शब्दांनी मात्र अनेकांची फसगत होते. एकदा पूर येऊन गेला की पुढची २४ वर्षं निवांत, असा त्याचा अर्थ नाही. तशा पुराची शक्यता दरवर्षी १०० पैकी ४ असते, आणि लाल रेषेच्या पुराची १०० पैकी १. तुम्ही २० वर्षांचं गृहकर्ज घेतलं, तर ते फिटेपर्यंत निळ्या रेषेपर्यंत एकदा तरी पाणी येण्याची शक्यता सुमारे ५६ टक्के निघते. लाल रेषेपर्यंत येण्याची सुमारे १८ टक्के. कोल्हापूर-सांगलीने तर २००५, २०१९ आणि २०२१ असे १६ वर्षांत तीन मोठे पूर पाहिले.

मग रेषा सरकते कशामुळे? पात्रात गाळ साचतो, काठावर भराव पडतो, ओढे बुजवले जातात, पुलांमुळे प्रवाह अडतो. तेवढंच पाणी मग जास्त उंच चढतं आणि जास्त दूर पसरतं. म्हणूनच आपल्या प्लॉटवर भराव टाकून सुटका होत नाही. ते पाणी शेजाऱ्याच्या दारात जातं.

घर निळ्या रेषेच्या आत आलं म्हणून लगेच घाबरू नका. महाराष्ट्राच्या मोठ्या भागाला, मुंबई वगळून, लागू असलेल्या २०२० च्या एकात्मिक नियमावलीनुसार या पट्ट्यात नव्या इमारतींना मनाई आहे. उद्यान, पार्किंग, खुला भाजीबाजार असे वापर चालतात. पण आधीपासूनच्या अधिकृत इमारतीचा पुनर्विकास पाटबंधारे खात्याच्या ना-हरकत प्रमाणपत्रावर होऊ शकतो. त्यासाठी जोत्याची उंची लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर वर हवी. नियंत्रित पट्ट्यातल्या बांधकामालाही हीच उंचीची अट आहे. इथे ‘अधिकृत’ हा शब्द फार मोलाचा आहे. मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र शोधून ठेवा, आणि ते माळ्यावर किंवा वरच्या मजल्यावर ठेवा.

जागा घेणार असाल, तर सातबाऱ्यावर थांबू नका. त्यावरून मालक, क्षेत्र आणि बोजा कळतो. पूररेषेसाठी सर्व्हे नंबर किंवा गट नंबर घेऊन स्थानिक नगररचना विभागात जा, विकास आराखडा पाहा आणि झोन दाखला मागा. आराखडा कोणत्या वर्षीचा आहे, हेही विचारा.

विम्याचे कागदही उघडून पाहा. गृहकर्जासोबत घेतलेला विमा अनेकदा कर्जदाराच्या आयुष्याचा असतो, घराचा नव्हे. १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे ‘भारत गृह रक्षा’ ही एकसारख्या अटींची पॉलिसी मिळते आणि तिच्यात पुराचं नुकसान धरलेलं आहे. भाडेकरूंनाही फक्त सामानाचा विमा घेता येतो.

तुम्ही सुरत, बेंगळुरू किंवा चेन्नईत राहत असाल, तर तिथले नियम आणि रेषांची नावं वेगळी असतील. पूरमैदानांच्या वापराबद्दलचं नमुना विधेयक केंद्राने १९७५ मध्येच राज्यांना पाठवलं होतं; मणिपूर, राजस्थान, उत्तराखंड अशा मोजक्याच राज्यांनी तसा कायदा केला. त्यामुळे चौकशीचा बराचसा भार आपल्यावरच येतो. सुरतेचा २००६ चा आणि चेन्नईचा २०१५ चा पूर तिथल्या रहिवाशांना आजही आठवतो. इसार देण्याआधी त्या गल्लीतल्या जुन्या दुकानदाराला विचारा, “पाणी कुठपर्यंत आलं होतं?” तो भिंतीवर हात ठेवून दाखवेल. नकाशा रेषेबाहेरचा म्हणत असला, तरी त्या हाताची उंची लक्षात ठेवा.